मैदानावरचं अंगमेहनतीचं काम दिव्यांग सहकाऱ्याला जमेल असं कसं बसवायचं

तुमच्या टीमचं काम बाग, नर्सरी, शेत किंवा रस्त्याच्या साइटवर चालतं आणि टीममध्ये कुणी दिव्यांग आहे किंवा येणार आहे, तर आधी "याला हे काम झेपेल का" हा प्रश्न बाजूला ठेवा. कारण "हे काम" असं एक काही नसतंच. रोपं लावायची म्हटलं तरी त्यात खड्डा खणणं, माती वाहून आणणं, पिशवी फाडणं, वाकून रोप बसवणं, माती दाबणं, पाणी घालणं आणि शेवटी नोंद करणं इतकं सगळं येतं. हे सगळं कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकासमोर टाका, याला जोर लागतो का, वाकावं लागतं का, दोन्ही हात लागतात का, तोल, नजर, कान यातलं काय लागतं. बऱ्याचदा दिसतं असं की गाडी एकदोन ठिकाणीच अडते, बाकी तो माणूस आरामात करतोय.

मग त्याच्याशी बोला, पण ऑफिसात बसून नको, साइटवर, अवजार हातात देऊन. आजाराचं नाव आणि हिस्ट्री विचारत बसू नका, कुठे अडतं, कशाने सोपं होईल, दिवसात कधी जास्त त्रास होतो एवढं विचारा. आधीच्या कामावर त्याने स्वतःच काहीतरी जुगाड केलेला असतो आणि तो बहुतेक वेळा आपल्या आयडियापेक्षा बरा निघतो.

अवजारांचं फार अवघड नाही. पकड कमी असेल तर जाड, मऊ मूठ, वाकता येत नसेल तर लांब दांडा, एकच हात चालत असेल तर एका चाकाच्या ढकलगाडीऐवजी दोन चाकांची, म्हणजे तोल सांभाळायला नको. व्हीलचेअरवरून काम असेल तर वाफे साधारण ६० ते ७५ सेंटीमीटर उंच आणि दोन्ही बाजूंनी हात पोचेल एवढेच रुंद ठेवा. वाट किमान ९० सेंटीमीटर, वळायच्या जागी दीड मीटर, आणि उतार १:१२ पेक्षा (म्हणजे बारा फूट लांबीला एक फूट चढ) खडा नको. सुट्या खडीवर चाकं रुततात, दाबून बसवलेली जमीन हवी.

वजनाचं एक लक्षात ठेवा, कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश (NIOSH) या सरकारी संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र २३ किलोपासून सुरू होतं आणि तेही वजन अंगाजवळ, न वळता, चांगली पकड असं सगळं जुळून आलं तर. म्हणजे ५० किलोची गोणी एकट्याने उचलणं कुणासाठीच बरोबर नाही. गोण्या लहान मागवा किंवा ट्रॉली आणा, फायदा सगळ्यांचाच होतो आणि एकट्यासाठी वेगळं काहीतरी केलं असं वाटत नाही.

आता ऊन, आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मणक्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही, म्हणजे अंग थंड व्हायची सोयच अर्धवट असते. मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) असेल तर अंग थोडं तापलं तरी अशक्तपणा वाढतो, दिसायला अंधुक होतं. काही गोळ्यांनी घाम कमी येतो. कृत्रिम पाय लावणाऱ्याचा घामाने लायनर (पायावर आतून चढवायचं मऊ आवरण) घसरतो, चामडी सोलते, शिवाय दिवसभरात उरलेल्या पायाचा आकार थोडा बदलतो त्यामुळे पाय काढून पुसायला, मोजा बदलायला सावलीत आडोसा आणि वेळ द्यावाच लागतो, आणि तो ब्रेकमधून कापायचा नाही. इन्सुलिन उन्हात ठेवलं तर खराब होतं, त्याला थंड डबा हवा. जड काम सकाळी लवकर घ्या, आणि नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या २० टक्केच, मग रोज जास्तीत जास्त २० टक्के वाढवा. हा नियम धडधाकट माणसालाही लागू आहे बरं का.

कमी ऐकू येणारं कुणी असेल तर रिव्हर्स गाडीचा भोंगा भरवशाचा नाही. फ्लॅश लाइट, व्हायब्रेट होणारा पेजर आणि हाताच्या ठरलेल्या खुणा सगळ्या टीमला शिकवा, ड्रायव्हरला आधी. श्रवणयंत्र बंद करून ठेवलं म्हणजे कानाला संरक्षण मिळालं असं नाही, मोठ्या मशीनजवळ इअरमफ लागतोच. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यासाठी खुणेच्या फितीवर रंगाबरोबर पट्टे किंवा आकडे टाका. फिट येणाऱ्याला शिडी, उघडं पाणी, फिरती पाती आणि एकट्याची ड्युटी टाळा, पण म्हणून सगळंच काम काढून घेऊ नका, जमिनीवरची बरीच कामं तो करू शकतो, फक्त फिट आल्यावर काय करायचं ते सोबतच्याला माहीत हवं.

कामांची अदलाबदल करा, एकाने खणायचं, दुसऱ्याने रोपं बसवायची आणि नोंद ठेवायची, पण दरवेळी "हलकं काम" म्हणून त्याला कोपऱ्यात मोजणी करत बसवलं तर तो कंटाळून सोडून जाईल आणि बाकीचे कुरकुर करतील ते वेगळंच. टार्गेट असेल तर तेही बदललेल्या कामाप्रमाणे पुन्हा ठरवा, आणि लेखी, नाहीतर सुपरवायझर बदलला की सगळं मुसळ केरात.

पंधरा दिवसांनी एकदा विचारा, आणि पाऊस सुरू झाला की परत पहिल्यापासून बघा, कारण कोरड्या वाटेवर चालणारी चाकं, कुबड्या चिखलात चालत नाहीत.