सराफाकडे बिल होण्याआधी

लग्नसराई आली की आमच्या गल्लीतल्या मुली म्हणतात, "काकू, सोन्याला सोबत या." गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका पेढीवर मी बरीच वर्षं हिशेब लिहिलाय, म्हणून मीही हौसेनं जाते. बहुतेक जण भावावरच घासाघीस करतात. पैसे जातात ते वजनात आणि घडणावळीत, म्हणजे दागिना घडवायच्या मजुरीत.

आधी विचारा, एकूण वजन किती आणि निव्वळ सोनं किती? साजाच्या मण्यांत लाख असते, ठुशीला गोंडा असतो, मंगळसूत्रात काळे मणी, हारात खडे. हे सगळं वजा करूनच सोन्याचा भाव लागला पाहिजे. समजा भाव ग्रॅमला 10,000 रुपये आहे आणि 2 ग्रॅम काळे मणी सोन्यात धरले, तर 20,000 रुपये काचेला गेले. खड्यांचं वजन आणि किंमत वेगळी लिहून घ्या.

घडणावळ टक्क्यांत सांगितली तर तिचे रुपये किती होतात ते विचारा. सोनं महागलं की टक्क्यांतली घडणावळही वाढते, कारागिराचं काम तेवढंच असलं तरी. इथे घासाघीस जरूर करा, सराफ कमी करतात.

मग भिंग मागा. दागिन्यावर हॉलमार्कच्या, म्हणजे शुद्धतेची हमी देणाऱ्या, तीन खुणा हव्यात: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी शिक्का, शुद्धता (22 कॅरेटला 916) आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा अक्षरं-आकडे मिळून सहा चिन्हांचा ओळख क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना मात्र हॉलमार्कची सक्ती नाही. दुकानातच 'बीआयएस केअर' ॲपवर तो क्रमांक टाका. हातात हार आणि ॲपवर अंगठी दिसली, तर तो हार घेऊ नका.

जुनं सोनं मोडीत देताना ते नजरेआड जाऊ देऊ नका. वजन, तपासणी, आटवणी सगळं तुमच्या समोर झालं पाहिजे. आटवल्यावर पुन्हा वजन करायला सांगा आणि तूट किती धरली ते कागदावर घ्या.

"बिल नको असेल तर 3 टक्के जीएसटी वाचेल," असं कुणी म्हटलं तर ठाम नाही म्हणा. दोन लाखांच्या दागिन्यात 6,000 वाचतात, पण पुढे भांडायला हातात काही उरत नाही. बिलावर दागिन्याचं नाव, निव्वळ वजन, कॅरेट, घडणावळ आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा लिहिलेला हवा.

शंका असेल तर मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात फी भरून दागिना तपासून घेता येतो. शुद्धता कमी निघाली, तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीची फी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. सराफ दाद देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

बिलाची शाई काही महिन्यांत उडू शकते, म्हणून घरी आल्याबरोबर त्याचा फोटो काढून ठेवा.