मल्टिमीटरवरचा '1' आणि अंगातली स्टॅटिक: हार्डवेअरच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

रिस्ट स्ट्रॅप म्हणजे अंगावर घर्षणाने साठलेली वीज (स्टॅटिक) वायरीतून वाहून नेणारा मनगटाचा पट्टा. तो नवा असो की दुकानात आधीपासून लोंबकळणारा, मनगटाला बांधण्याआधी मल्टिमीटर काढा. रेंज 2 मेगाओहमवर ठेवा. एक प्रोब पट्ट्याच्या आतल्या, कातडीला टेकणाऱ्या धातूच्या चकतीवर लावा आणि दुसरा वायरीच्या टोकाच्या क्लिपला. 0.95 ते 1.05 च्या दरम्यान आकडा आला की स्ट्रॅप ठीक. नवखे इथे हमखास फसतात. स्वस्त मीटरवर डावीकडे नुसता '1' उभा राहिला, तर तो 1 मेगाओहम नव्हे. वायर आतून तुटली आहे, सर्किट उघडं आहे. बहुतेक वेळा वायर टिचबटणापाशी तुटते, कारण जो तो स्ट्रॅप वायरीला धरूनच ओढतो.

आकडा शून्याजवळ आला तर तो स्ट्रॅप कचऱ्यात टाका. वायरीतला 1 मेगाओहमचा रेझिस्टर तुमच्या जिवासाठी आहे. चुकून 230 व्होल्टला हात लागला, तर त्याच्यामुळे स्ट्रॅपमधून फक्त 0.23 मिलिअँपिअर वाहतो. स्टॅटिकचा चार्ज निघून जायला मात्र एवढा रस्ता पुरतो. पट्टा शर्टाच्या बाहीवर बांधू नका, सैल ठेवू नका. 'बिनवायरचा' स्ट्रॅप ऑनलाइन मिळतो, तो घेऊ नका. वायरच नाही तर चार्ज जाणार कुठे?

एवढा खटाटोप कशाला? बोटाला 'चट्' जाणवतं तेव्हा अंगावर साधारण 3000 व्होल्ट असतात. त्याखालचं काही जाणवतच नाही, आणि काही नाजूक सुटे भाग 100 व्होल्टच्या आतही जातात. चिपमधल्या ट्रान्झिस्टरच्या गेटचा इन्सुलेशनचा थर इतका पातळ असतो की एका ठिणगीने त्याला भोक पडतं. भाग जागीच मेला तर बरं म्हणायचं. अर्धमेला झाला तर वाईट: आज चालतो, दोन महिन्यांनी लॅपटॉप मधेच हँग होऊ लागतो, आणि गिऱ्हाईक परत आलं की खापर 'खराब लॉट'वर फुटतं. भोक उघड्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणी मान्यही करत नाही.

'वीस वर्षं काम करतोय, कधी स्ट्रॅप घातला नाही' असं सांगणारे भेटतील. ते खोटं बोलत नसतात. चिपच्या पायांवर आत संरक्षक डायोड असतात, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत चार्ज फार साठतही नाही. नागपूर, अकोला, संभाजीनगरकडे डिसेंबर-जानेवारीत किंवा दिवसभर एसी चालणाऱ्या कोरड्या खोलीत तोच माणूस पॉलिस्टरचा शर्ट घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठला, की हिशेब बदलतो.

आता अर्थिंग. थ्री-पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक अर्थचं. मल्टिमीटर एसी 750 व्होल्टवर ठेवून मोजा: फेज-अर्थ 230 च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ शंभरच्या घरात लटकत असेल तर अर्थ जोडलेलाच नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा. तोवर काम अडत नाही, कारण खरा मुद्दा तुम्ही आणि बोर्ड एकाच पातळीवर असण्याचा आहे. क्लिप कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावा. रंगावर लावलेली क्लिप म्हणजे न लावलेली. लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर स्क्रूभोवती चकचकीत रिंग असते, ती ग्राउंड असते, क्लिप तिथे लावा.

रॅम बदलताना क्रम असा ठेवा. चार्जर काढा, झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. स्ट्रॅप लावा. एक हात बोर्डच्या ग्राउंडला टेकवून दुसऱ्या हाताने नव्या रॅमचं बंद पाकीट उचला, मगच ते फोडा. रॅम कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. काढलेली रॅम लगेच पाकिटात. पाकीट चंदेरी हवं. गुलाबी पाकीट स्वतः चार्ज धरत नाही एवढंच. बाहेरच्या ठिणगीपासून ते वाचवत नाही. चंदेरी पाकीटही तोंड बंद असेल तरच कामाचं. त्यावर बोर्ड ठेवून पॉवर देऊ नका, आतला धातूचा थर शॉर्ट करू शकतो.

टेबलावरचा चहाचा प्लॅस्टिक कप, थर्माकोल, बबल रॅप, सेलोटेप या सगळ्यांना अर्थिंग करता येत नाही, कारण त्यांच्यातून वीज वाहतच नाही. ती बोर्डपासून हातभर दूर ठेवा. टेप ओढताना तर बोर्ड जवळ नकोच. धूळ काढायला घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीवर घर्षणाने चार्ज साठतो. टेबलावर अंथरायची अँटी-स्टॅटिक मॅट घेतलीत तर तिचीही वायर जोडा. जमिनीला न जोडलेली मॅट म्हणजे निळं रबर.

सोल्डरिंगला बसाल तेव्हा सोल्डरिंग आयर्नकडे पाहा. स्वस्त टू-पिन आयर्नच्या टोकावर गळतीचा व्होल्टेज असतो, थ्री-पिनचं वापरा. तेच हाताशी नसेल, तर टोक तापल्यावर प्लग काढून मग टाका लावा.

एका कामात मात्र स्ट्रॅप काढून बाजूला ठेवायचा: एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) उघडून आत हात घालताना. मोठ्या कपॅसिटरवर 300 पेक्षा जास्त व्होल्ट राहिलेले असू शकतात. तिथे हात अर्थला बांधलेला नकोच, आणि कपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरने तपासल्याशिवाय बोट नको.