मोदकाची पारी येते? मग वाडगाही जमेल

दादरच्या आमच्या दोन खोल्यांत कुंभाराचं चाक ठेवायला जागा नाही, त्यामुळे माझे सगळे मातीचे वाडगे अंगठ्यानेच झालेत. अर्धा किलो स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापाला भाजून दगडासारखी टणक होणारी माती आणा. शाडू गणपतीसाठी राहू दे. उकड मळतो तशी मळा, गोळा तळहातावर घ्या, मधोमध अंगठा रुतवा. बुडाशी बोटभर माती उरली की थांबा. पुढे पारीचंच काम: आत अंगठा, बाहेर बोटं, एक चिमूट, जरासं फिरवा, परत चिमूट. बुडाकडून वर या. काठ आधी पातळ केलात तर तो पसरतो आणि वाडग्याची बशी होते. भिंत साधारण ६ मिलिमीटर ठेवा. पाण्याचा हात बेताने.

माती थोडी आवळली की नक्षी. मी सोऱ्यातली चकलीची चकती बाहेरून टेकवते आणि आतून बोटाने रेटते. चांदणीच्या भोकातून माती वर फुगते, नेटकी चांदणी उठते. चकती आता फराळाला चालत नाही, नवी घ्यावी लागली. बुडावर सही याच वेळी कोरायची.

खरी परीक्षा वाळवण्याची. एका जुलैत भाचीच्या बारशाची घाई होती, पाच दिवसांतच वाडगा भाजायला दिला. आतल्या ओलीची वाफ झाली आणि तो फुटला, शिवाय ठिकऱ्या शेजारच्या कुणाच्या तरी मगांवर! बोलणी मी खाल्ली, आणि ती बरोबरच होती. आता पावसाळ्यात दोन आठवडे थांबते. वाडगा गालाला लावून बघा. गार लागला तर अजून ओल आहे. उन्हाळ्यात उलटं, पंख्याखाली काठ आधी सुकून तडकतो, म्हणून काठावर प्लास्टिक गुंडाळते.

पहिली भाजणी १००० अंशांच्या आसपास, मग ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप), मग १२०० च्या वर. धारावीच्या कुंभारवाड्यातल्या भट्ट्या लाल मातीच्या, तिथे एवढा ताप नसतो. स्टुडिओतली इलेक्ट्रिक भट्टीच गाठावी लागते. रंग ठरवण्याआधी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात १९ व्या शतकातली बॉम्बे स्कूलची, म्हणजे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतली भांडी बघून या. ग्लेझ लावल्यावर बूड ओल्या स्पंजने स्वच्छ पुसा, नाहीतर वाडगा भट्टीच्या फळीला चिकटून बसतो.

माझ्या वाडग्यात सासूबाई पाणी घालून सोनचाफा ठेवतात. कुणी आलं की सही दाखवायला तो तसाच उलटा करतात, मग फडकं आणायला मी धावते.