चहा नको म्हणायचं कसं, आणि मिशनवरची बाकीची कामं

मागच्या महिन्यात धुळ्याच्या एका पोराचा फोन आला. वय १९, आमच्या चर्चच्या, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन म्हणतात त्या चर्चच्या, मिशनचं (दोन वर्षांच्या धर्मसेवेचं) पत्र नुकतंच आलेलं, आवाजात कापरं. "दादा, बॅगेत काय काय भरू?" म्हटलं, बॅगेचं नंतर बघू, आधी चहाचं सांग. तो हसला. म्हणे, चहा कधीच सोडला. अरे, सोडणं सोपं आहे. कुणाच्या घरी बसल्यावर कपबशी समोर आली की त्या माउलीचं तोंड न उतरवता नको म्हणणं, हे जमायला मला आठ महिने लागले. त्याला फोनवर सांगितलं ते सगळं इथे लिहून ठेवतो. जळगाव-धुळे-नंदुरबारातून जाणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण म्हणून प्रत्येकानं तेच घोळ पहिल्यापासून घालायला नकोत.

माझं थोडक्यात. घर भुसावळला, वडील रेल्वेत. त्यांचं गाव रावेर तालुक्यात, आईचं माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे घरात दोन बोल्या आणि जेवायला दोन्हीकडचं. चर्चमध्ये आमच्या घरातून मी एकटाच. डिप्लोमा करून बेंगळुरूला नोकरीला गेलो, तिथे २०१५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. मुलांचं मिशन २४ महिन्यांचं असतं, १८ पूर्ण झाली की जाता येतं. मी २२ चा होतो. जुलै २०१७ ते जुलै २०१९, राजमहेंद्री, विशाखापट्टणम आणि शेवटी हैदराबाद.

चहा

दारू, तंबाखू, चहा, कॉफी बंद, ही आमच्या चर्चची शिकवण १८३३ पासूनची. आपल्याकडे दारूला नाही म्हटलं की लोक पाठ थोपटतात. तंबाखूला नाही म्हटलं की चुना मळता मळता गालात हसतात. चहाला नाही म्हटलं की मात्र समोरच्याच्या डोळ्यांत येतं, आमच्या घरचा चालत नाही का? या प्रश्नाच्या पोटात काय आहे ते तुलाही माहीत आहे. कुणी कुणाच्या घरचं पाणी पीत नव्हतं, त्याला काही फार वर्षं झालेली नाहीत.

म्हणून नको म्हणायच्या आधी स्वतःच काहीतरी माग. उंबऱ्यातच, चपला काढता काढता. "मावशी, घसा सुकलाय, पाणी द्या ना." पाणी प्यालास की त्या घरचं घेतलंस, अर्धं काम झालं. मग चहाचं निघालं तर "ताक असलं तर घेतो". तिकडे ताकाला मज्जिग म्हणतात. "टी वद्दंडी, मज्जिग उंदा?" हे माझं पहिलं धड तेलुगू वाक्य. नियमावर व्याख्यान देऊ नकोस. कुणी विचारलंच तर एका वाक्यात सांग आणि विषय त्यांच्या पोराबाळांकडे ने.

सराव इथेच कर. निघायच्या आधी तीन महिने दर रविवारी दुपारी एकेका नातेवाइकाकडे जा. माझ्या आत्यानं पहिल्या रविवारी कप उचलून आत नेला, आणि मग स्वयंपाकघरातून भांडी जरा जोरातच वाजली. तिसऱ्या खेपेला तिनं न विचारता ताक आणलं, वर जिरेपूड. आईला मी गवती चहाचं सांगून पाहिलं, की पत्ती न घालता नुसता उकळला तर आम्हाला चालतो. तिचं म्हणणं, "मंग त्याले चहा काब्र म्हणतस?" (मग त्याला चहा का म्हणतोस?) याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

घरी आणि गल्लीत काय सांगायचं

खरं ते. पहिला प्रश्न येईल, किती देतात? पगार नसतो, उलट जमेल तेवढा खर्च आपला आपण उचलायचा असतो. मी दोन वर्षांच्या पगारातून साठवले होते. वडलांनी हे सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे विदाउट पे." रेल्वेच्या भाषेत बसल्यावर त्यांना ते थोडं पटलं असावं. आईनं मात्र गल्लीत वर्षभर "ट्रेनिंगला गेलाय" असंच सांगितलं. तिचा राग नाही मला, पण परत आल्यावर सगळे विचारायला लागले की कसलं ट्रेनिंग, नोकरी लागली का, आणि ते निस्तरायला मलाच लागलं.

दुसरा प्रश्न, लोकांचे धर्म बदलायला चाललास का? याला चिडू नकोस, विचारणाऱ्याला विचारायचा हक्क आहे. आमच्या वेळी दारोदार हिंडणं नव्हतं. सभासदानं ओळख करून दिली किंवा कुणी आपणहून विचारलं तरच आम्ही जायचो. आमिष नाही, गळ नाही. समोरचा नको म्हणाला की उठायचं, आणि तू स्वतः चहाला नको म्हणून बघितलेलं असेल तर त्याचं नको ऐकायला जड जात नाही.

नावाचंही एक. लोक मॉर्मन म्हणतात. मी मिशनवर असतानाच, २०१८ मध्ये, चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की टोपणनाव नको, पूर्ण नाव घ्या. चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. भुसावळच्या बाजारात हे एका दमात म्हणून बघ.

बॅग

पांढरे शर्ट आठ, अर्ध्या बाह्यांचे. शुद्ध सुती घेऊ नकोस, रोज इस्त्रीत अर्धा तास जातो. टेरिकॉट मिसळलेले घे. आपल्याकडचं ऊन कोरडं, मे महिन्यात ४५ अंशांतही घाम जागच्या जागी सुकतो. तिकडे समुद्राची हवा. सकाळी दहालाच शर्ट पाठीला चिकटतो आणि कॉलरवर काळी रेघ. ती रेघ त्याच रात्री, साबणाची वडी आणि जुना टूथब्रश घेऊन काढायची. दुसऱ्या दिवसावर टाकलीस की नीळ घालूनही जात नाही. टाय तीन पुरेत. बुटांचे दोन जोड, एक दिवसाआड घालायचे. आमच्याकडे सायकली नव्हत्या, सगळं शेअर रिक्षा आणि पायपीट. दोन वर्षांत माझ्या बुटांचे तळवे तीनदा बदलले.

कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ नेऊ नकोस. मी चार किलो नेलं, तिसऱ्या आठवड्यात पोरकिडे. बिबडे (ज्वारीचे पापड) ने, ते टिकतात. काळा मसाला ने, पण दुहेरी पिशवीत, नाहीतर शर्टांना वास लागतो आणि प्रार्थनासभेत शेजारचा माणूस तुझ्याकडे बघत बसतो. केळी आठवतील असं वाटत असेल तर काळजी नको. राजमहेंद्रीजवळ रावुलपालेमला केळीचा एवढा मोठा बाजार भरतो की पहिल्यांदा बघून मी गपच झालो. आम्हाला वाटायचं केळी म्हणजे रावेर-यावल, संपलं.

गाडीचं बघायचं तर नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत थेट विजयवाड्याला जाते, तिथून गाडी बदलून राजमहेंद्री. तिकीट आणि तारीख मिशन ऑफिस ठरवतं, आपण मध्ये पडायचं नाही.

सोबती

खरी परीक्षा इथे असते, आणि याबद्दल मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. आम्ही कंपॅनियनच म्हणतो. दोघांनी कायम बरोबर राहायचं, एकमेकांना दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर. एका खोलीत झोपायचं. एकट्याला फक्त न्हाणीघर. कोण मिळेल ते तू निवडत नाहीस, मिशन प्रेसिडेंट ठरवतात, आणि दर सहा आठवड्यांनी बदलू शकतात.

माझा पहिला अमेरिकेतल्या आयडाहोचा, बटाटे पिकवणाऱ्या घरातला. मी केळीवाल्या भागातला. पहिल्या रात्री दोघांनी पिकाला पाणी कसं देतात यावर तास काढला, आणि मला वाटलं, सोपं आहे हे. चौथ्या दिवसापासून त्याची भांडी. रात्री पाण्यात बुडवून ठेवायचा, सकाळी घासायचा. आपल्या घरात खरकटं रात्रभर ठेवलं तर आई झोपू देत नाही. मी बोललो काहीच नाही, अबोला धरला. दोन दिवस. आता एका खोलीत, बारा हातांवर, ज्याच्याबरोबर सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करायची त्याच्याशी अबोला कसा धरणार? पहिल्या संध्याकाळी प्रार्थना त्यानं म्हटली, दुसऱ्या संध्याकाळी माझी पाळी होती. तोंड उघडलं आणि "हे स्वर्गातल्या पित्या" नंतर शब्दच येईना. शेवटी डोळे मिटूनच म्हटलं, भांडी रात्रीच घासत जा. तो हसत सुटला. मग त्यानं माझं सांगितलं, की मी सकाळी खाकरून घसा साफ करतो तेव्हा त्याला पोटात ढवळतं. मला तर तो आवाज होतो हेच माहीत नव्हतं.

आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकांचं काय आवडतं, काय खुपतं ते सांगायचं, असा रिवाजच आहे. पहिले काही आठवडे तू "सगळं ठीक आहे" म्हणशील. नको म्हणूस. एक बारीक तक्रार ठेवत जा, भांड्यांची, पंख्याची, टॉवेलची. बारीक निघत गेल्या की मोठी साठत नाही. पुढे कोइंबतूरकडचा एक सोबती मिळाला, त्याच्याशी पहिल्याच रविवारी मी खाकरण्याचं आपणहून सांगून टाकलं.

आणि हो, दोन वर्षं तुला नावानं कुणी हाक मारत नाही. एल्डर पाटील, एल्डर तायडे, आडनाव असेल ते. एल्डर म्हणजे वडीलधारा. मिसरूड फुटलेल्या पोराला साठीची बाई एल्डर म्हणते, सुरुवातीला कानाला टोचतं. पांढरा शर्ट, टाय, जोडी, छातीवर नावाची काळी पट्टी: कोपऱ्यावरचा किराणावाला तीन महिने आम्हाला विमा एजंट समजत होता.

दिवस

साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग तासभर स्वतःचा अभ्यास, पुढे दोघांचा, मग भाषा. दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊला परत, उद्याचं लिहायचं, साडेदहाला दिवा बंद. हे तिथे आपोआप अंगवळणी पडतं. भाषेचा तास मात्र पुस्तकावर घालवू नकोस, भाजीवालीकडे घालव. मला तेलुगू वांगी घेता घेता आली. भरताच्या वांग्यासारखं वांगं तिकडे मिळालं नाही, पण शोधताना शंभर वाक्यं झाली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. दोन वेळचं जेवण नाही, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. साबुदाणा नाही, भगर नाही. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग हा उपास नाही, ही उपासमार आहे. आदल्या रात्री पोट भरून भात खाऊ नकोस, जास्त तहान लागते.

समुद्राचं आधीच सांगतो, म्हणजे जीव जळणार नाही. मिशनवर पोहायला बंदी. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो विशाखापट्टणमला, बूट-मोजे घालून, आठ महिने. तापीत डुंबलेलं पोर वाळूवर उभं.

घरचा फोन

सोमवार आपला: कपडे, बाजार, केस कापणं, घरी पत्र. संध्याकाळी सहाला पुन्हा कामाला. मी गेलो तेव्हा घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी दर आठवड्याला ईमेल. मदर्स डे काय असतो हे आईला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, चर्चनं तिच्यासाठी खास एक दिवस काढलाय. आम्ही तो गैरसमज तसाच ठेवला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन करायची मुभा मिळाली. तुला पहिल्या दिवसापासून मिळेल, म्हणून सांगतो: वेळ ठरवून घे आणि पाळ. आई दुपारपासून फोन पदराजवळ घेऊन बसते. "कसा आहेस" विचारलं की "बरा" म्हणून गप्प बसू नकोस, काय खाल्लंस ते सांग. तिला तेवढंच हवं असतं, त्यावरून बाकीचं ती ओळखते.

ईमेलचेही दिवस वाईट नव्हते. ऑगस्टात बहिणीनं लिहिलं होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (आमची खानदेशची देवी) बसली. रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं, माणशी सव्वा मूठ मोजतात. मी ख्रिस्ती झालेला, वर शेकडो किलोमीटर लांब. आईनं माझ्याही नावाची सव्वा मूठ घेतली, कुणाला न विचारता. मी ते सोबत्याला वाचून दाखवायला लागलो आणि अर्ध्यात थांबलो. त्यानं काही विचारलं नाही, भांडी घासायला गेला.

परत आल्यावर

सेवामुक्त झालास असं सांगेपर्यंत छातीवरची पट्टी काढायची नसते. काढल्यावर शर्टावर हात जातच राहतो. पण त्याहून अवघड गोष्ट म्हणजे एकटं असणं. दोन वर्षं एक पाऊल एकट्यानं टाकलेलं नसतं. भुसावळला आल्याच्या दुसऱ्या सकाळी आईनं दूध आणायला पाठवलं, आणि मी पिशवी घेऊन दारात उभा. कुणाची तरी वाट बघत. दहा मिनिटं गेली असतील. आई आतून ओरडली, दूध आनं का? तेव्हा वडलांनी पेपर ठेवला, चपला घातल्या आणि म्हणाले, चल.

तेव्हा घरातल्या एकाला आधीच सांगून ठेव. पहिला आठवडाभर दुधाला, बँकेत, दाढीला, कुठेही जाताना कुणीतरी बरोबर यावं. कारण विचारलं तर सांग, सवय आहे.