पक्ष्याची पिसं छाटायची तर कमीच छाटा

माझ्याकडे कॉकटिएल (तुरेवाले छोटे पोपट) आहेत, बजरी (बजरीगर जातीचे चिमुकले पोपट) आहेत, आणि ओळखीतल्यांचे पक्षीही पिसं छाटायला माझ्याकडेच येतात. बहुतेकांची मागणी एकच असते: "ताई, अजिबात उडताच येऊ नये असं करा." तसं मी करून देत नाही. छाटायचं ते पक्ष्यानं उंची गाठू नये म्हणून. खाली मात्र त्याला तरंगतच उतरता आलं पाहिजे. धपकन आपटला तर छातीवरचं हाड दुखावतं, आणि आफ्रिकन ग्रेसारख्या जड अंगाच्या पोपटाला हा धोका जास्त.

फिंच आणि कॅनरीची पिसं छाटूच नका. पोपटाच्या जातीतल्या पिल्लालाही आधी उडायला, वळायला, नीट उतरायला शिकू द्या. छाटणीचा विचार त्यानंतर.

कामाला माणसं दोन हवीत. आमच्याकडे धरायचं काम नवऱ्याचं, कारण त्याचा हात स्थिर आहे. (माझा कात्रीलाच बरा.) पक्षी मऊ टॉवेलात घ्यायचा, अंगठा आणि बोट जबड्याच्या दोन बाजूंना ठेवायचं आणि छातीवर जरासुद्धा दाब द्यायचा नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड वरखाली झालं तरच हवा आत जाते, त्यामुळे छाती आवळली की नाकपुड्या मोकळ्या असूनही तो गुदमरतो. चोच वासून धापा टाकायला लागला तर लगेच सोडा. राहिलेलं उद्या करता येतं.

पंख उघडताना पिसांना धरून ओढू नका, हाडाला आधार द्या. टोकाकडची दहा लांब पिसं पक्ष्याला पुढे रेटतात. छाटायची ती यांतलीच. अंगाजवळची पिसं तशीच राहू द्या. आता पंख उजेडाकडे धरून प्रत्येक पिसाचा दांडा खालच्या बाजूनं बघा. इथे घाई नको. दांडा कोरडा आणि आतून रिकामा दिसला तर पीस पूर्ण वाढलेलं आहे, ते कापणं नख कापण्यासारखंच. दांडा जाड, निळसर-काळपट असेल, बुडाशी आवरण असेल, तर त्यात अजून रक्त खेळतंय. ते कापायचं नाही, आणि त्याच्या शेजारचं पीसही आधाराला ठेवायचं. अशी पिसं बरीच दिसली तर छाटणी पुढे ढकला.

कात्री लहान आणि धारदार घ्या. सगळी पिसं एकत्र धरून सरळ रेषेत कापणं मला अजिबात मान्य नाही. एकेक पीस घ्यायचं, टोकाकडून सुरुवात करायची. वरच्या छोट्या पिसांचा थर संपतो त्याच्या जरा पुढे कापायचं. फार आत कापलं तर खुंट अंगाला टोचतात आणि पक्षी ते कुरतडत बसतो. शोभेसाठी टोकाची दोन पिसं राखतात काही जण. ती एकटी पडून मोडतात, गजात अडकतात.

दोन्ही पंखांची दोन-दोन पिसं कापून थांबा. एकाच पंखाची कधीच कापू नका, तोल जाऊन पक्षी गिरकी घेत पडतो. मग बंद खोलीत, गादीवर, कमरेच्या उंचीवरून त्याला हातावरून उडू द्या. वर चढला तर दोन्हीकडचं एकेक आणखी. कॉकटिएल हलका आणि उडण्यात पटाईत, त्याची पाच-सहा तरी कापावी लागतात. जड पक्ष्याला त्याहून कमी पुरतात.

चुकून रक्ताचं पीस कापलं गेलं तर कॉर्नफ्लॉवर लावून बोटानं हलकं दाबून धरा. रक्त थांबत नसेल तर थेट पक्ष्यांचे डॉक्टर. घरी पीस उपटायच्या भानगडीत पडू नका.

कापलेलं पीस पुढच्या पीसगळतीत पडतं आणि जागी पूर्ण पीस येतं. म्हणून गळती सुरू झाली की दर आठवड्याला पंख तपासा. बाहेर न्यायचं ते पिंजऱ्यातूनच. वारा मिळाला तर छाटलेला कॉकटिएलही झाडावर जाऊन बसतो, आणि मग तुम्ही खालून शिट्ट्या मारत राहता.