हीट पंपाच्या घरात लाकडाची शेगडी बसवताना

ट्रॉनहाइमला आमचं घर बांधून होत होतं तेव्हा मी बिल्डरकडे एकच हट्ट धरला होता: लाकूड जाळून घर उबवणाऱ्या शेगडीला बाहेरच्या हवेचा स्वतंत्र पाइप हवा. १०० मिलिमीटरचा तो पाइप आता फरशीखाली आहे, कुणाला दिसत नाही. नॉर्वेत नवं घर घेणाऱ्या मैत्रिणींना मी सगळ्यात आधी हेच सांगते, कारण नंतर सुचलं तर फरशी फोडावी लागते.

साताऱ्याच्या घरी बंब पेटायचा तेव्हा कौलांतून आणि दाराच्या फटींतून हवा येतच असायची. इथलं नवं घर डब्यासारखं बंद असतं, हवा यंत्रानं मोजून आतबाहेर होते. आग मात्र आपल्या वाट्याची हवा मागतेच. त्यात आपली फोडणी! मिरच्यांचा ठसका बसू नये म्हणून चुलीवरचा, धूर-वाफ बाहेर ओढणारा हुड पूर्ण जोरात लावला आणि तेवढ्यात लाकूड घालायला शेगडीचं दार उघडलं, की हुड धुराड्यातूनच हवा ओढतो. पहिल्या हिवाळ्यात आमची बैठकीची खोली अशीच धुरानं भरली. पाइप असूनही भरली, कारण दार उघडताच शेगडी खोलीशी जोडली जाते. आता मी आधी हुड बंद करते, खिडकी बोटभर उघडते आणि मगच दाराला हात लावते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत हवा, तो टाळू नका.

दुसरी चूक आकाराची होते. दुकानात मोठी शेगडी दिमाखदार दिसते. पण हिशेब करा: १ किलो सुक्या बर्चच्या लाकडात साधारण ४ युनिट ऊब असते, चांगल्या शेगडीतून त्यातली ३ हाती लागते. म्हणजे तासाला २ किलो जाळलं तर ६ किलोवॉट. आमच्या १३० चौरस मीटरच्या नव्या घराला उणे १० अंशालाही त्याहून कमी पुरते. मोठी शेगडी घेतली की माणसं हवा कोंडून ती मंद जाळतात, आणि कोंडलेली आग धूर करते, धुराड्यात काजळी साचवते. त्यापेक्षा लहान शेगडी घ्या, थोडं लाकूड घाला, पण ते खणखणीत पेटू द्या. शक्य असेल तर सोपस्टोनची घ्या. म्हणजे आपल्या शंखजिऱ्याच्याच जातीचा दगड. इथलं निदारोस कॅथेड्रलही बरंचसं त्याच दगडाचं आहे. आग विझल्यावरही तो तासन्‌तास ऊब सोडत राहतो.

आता पंप. हवेवर चालणारा हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसीच, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणतो. तो खोलीचं तापमान बहुधा स्वतःच्याच तोंडाशी मोजतो. शेगडी समोर असेल तर त्याला वाटतं घर उबलं, तो थांबतो आणि मुलांच्या खोल्या गार पडतात. म्हणून आमची शेगडी बैठकीच्या एका टोकाला आहे आणि पंप जिन्यापाशी. शेगडी पेटवायच्या संध्याकाळी मी पंप बंद करत नाही, २ अंश खाली आणते. फरशीखाली गरम पाणी फिरत असेल तर दुपारीच कमी करा, कारण तापलेलं काँक्रीट लवकर निवत नाही. अशा घराला इथल्या नियमानं धुराडं सक्तीचं नसतं, तरी बिल्डरला सांगून ते बसवून घ्या.

रोजचं काम पंपाचंच. सौम्य थंडीत तो १ युनिट विजेत ३-४ युनिट ऊब देतो, लाकडानं त्याच्याशी स्पर्धा करू नये. पण उणे १५ ला तेच २ च्या आसपास येतं, आणि नेमकं तेव्हाच सगळं गाव वीज ओढत असतं. २०२२ पासून इथे ग्रिडचं, म्हणजे वीजवाहिन्यांचं भाडं महिन्यात आपण सर्वांत जास्त वीज ओढली त्या तासांवरही ठरतं. स्वयंपाक, गाडीचं चार्जिंग आणि पंप एकाच वेळी चालू असतो, त्या संध्याकाळी ५ ते ९ च्या वेळात मी शेगडी पेटवते. वीज गेली तर पंप गेलाच. म्हणून आत पंखा असलेली, विजेवर अवलंबून असलेली शेगडी घेऊ नका.

बसवल्यावर जाणकाराकडून तपासणी करून घ्या आणि अग्निशमन दलाला कळवा. १९९८ पूर्वीच्या जुन्या, जास्त धूर करणाऱ्या शेगड्या नव्यानं बसवायला इथे मनाई आहे, स्वस्तात मिळाली तरी आणू नका.

लाकूड २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचं हवं. ओलावा मोजायचा मापक ओंडक्याच्या टोकाला लावू नका. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला लावा. आजी बंब खालून पेटवायची. इथे उलटं करायचं: जाड लाकडं तळाशी, त्यावर बारीक, काटक्या सगळ्यांत वर, आणि काडी वरच लावायची. ज्वाळा खाली उतरत येते, धूर तिच्यातच जळतो. हे मला पटायला दोन संध्याकाळी लागल्या.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, लाकडी ओटा सोडून दगडावर, घराबाहेर ठेवा. वरून थंड वाटली तरी आतले निखारे दुसऱ्या दिवशीही धगधगत असतात.