स्टुडिओचा उजेड आणि भिंतींचे रंग : या चुका टाळा

रंगांच्या ट्यूबा विन्सर अँड न्यूटनच्या, कॅनव्हास ठेवायचं ईझल सागवानी, आणि डोक्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला नऊ वॅटचा बल्ब. घरातली एखादी खोली 'स्टुडिओ' म्हणून मोकळी करणाऱ्या बहुतेकांकडे हाच थाट दिसतो. मग महिनाभराने प्रश्न येतो, "सर, माझे रंग मळकट का दिसतात?" रंग बिचारे ठीक असतात हो.

फक्त वॅट बघून दिवा घेणं

आपल्याकडे दुकानात साधारण तीन प्रकार मिळतात: वॉर्म व्हाइट (3000 केल्विन), नॅचरल व्हाइट (4000) आणि कूल डेलाइट (6500). केल्विन म्हणजे उजेडाची झाक: आकडा लहान तर पिवळसर, मोठा तर निळसर. दुकानदार हमखास 6500चा काढून देतो, कारण तो 'लख्ख पडतो'. खोक्यावर सीआरआय 80 लिहिलेलं असतं, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण, तिकडे कोणी बघत नाही. हा आकडा म्हणजे आठ फिकट रंगांची सरासरी. गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्याचा आर 9 नावाचा वेगळा आकडा असतो, आणि साध्या एलईडीत तो अनेकदा शून्याच्या आसपास असतो. म्हणजे त्या दिव्याखाली लाल मेलेला दिसतो.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने आजोबांच्या पंच्याहत्तरीसाठी त्यांचं पोर्ट्रेट करायला घेतलं. दिवसा नोकरी, त्यामुळे काम रात्री, अशाच दिव्याखाली. गाल फिके वाटले म्हणून अलिझरिन (गडद लाल) चढवलं. तरी जीव येईना, म्हणून कॅडमियम रेड. कानाच्या पाळीवर तर हात सैल सोडला होता. सकाळी कॅनव्हास घरच्या गॅलरीत आणला तेव्हा आजी म्हणाल्या, "अगं बाई, ह्यांना ताप आलाय की काय?" इथवर ठीक होतं. पण कार्यक्रम तोंडावर आला म्हणून पठ्ठ्याने त्याच रात्री, त्याच दिव्याखाली, लाल मारायला वर हिरवं फिरवलं. दुसऱ्या दिवशी आजोबांचे गाल ओल्या सिमेंटच्या रंगाचे. मग मी त्याला चित्र घेऊन सकाळी दहाला बोलावलं आणि खिडकीशी बसवून दोन्ही गाल पॅलेट नाइफने खरवडायला लावले. दिवा बदलायला मी आधीच सांगितलं होतं. पण आठशे रुपयांचा दिवा महाग वाटतो आणि तीन हजारांचे ब्रश वाटत नाहीत, याला काय करणार!

मी स्वतः 5000 केल्विन, सीआरआय 95 किंवा वर, असेच दिवे लावतो. कोपऱ्यावर मिळत नाहीत, मागवावे लागतात. नाहीच मिळाले तर 4000 आणि 90च्या वर. नुसत्या सीआरआयच्या मागेही लागू नका. जुन्या पिवळ्या बल्बचा सीआरआय जवळपास 100 असतो, पण त्याच्याखाली गडद निळा आणि काळा ओळखून दाखवा! वीस वॅटची चार फुटी बॅटन (एलईडीची लांब पट्टी) साधारण 2000 लुमेन उजेड देते. दहा बाय बाराच्या खोलीत मी अशा चार लावेन, एकाच कंपनीच्या आणि एकाच मॉडेलच्या. दोन पिवळ्या, दोन पांढऱ्या लावून 'बॅलन्स' होतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

'उत्तरेची खिडकी आहे, आता काळजी नाही'

हा सल्ला युरोपातला. तिथे भर दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत दुपारचं ऊन येतच नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चअखेर ते सप्टेंबर तो उगवतो-मावळतोच उत्तरेकडे सरकून. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरीप थेट कॅनव्हासवर. मी एप्रिल लागला की तावदानांना ट्रेसिंग पेपर लावतो आणि पाऊस स्थिरावला की काढतो.

दुसरं, खिडकीतून नेमकं काय दिसतं ते बघा. समोर आकाश असेल तर उत्तम. विटकरी रंगाची इमारत असेल तर खोलीत येणारा उजेडही विटकरीच. ठाण्याच्या एका स्नेह्यांच्या समोरच्या इमारतीला दुरुस्तीसाठी परांची बांधून हिरवी जाळी लावली होती, तेव्हा त्यांच्या टेबलावरचा कोरा कागदही पिस्ता दिसायचा. पावसाळ्यातल्या निळ्या ताडपत्रीचंही तेच. उपाय सोपा आहे: खिडकीचा खालचा अर्धा भाग जाड पडद्याने झाका. वरच्या भागातून आकाशाचाच उजेड येतो. खोली थोडी अंधारते, पण रंग खरे दिसतात.

भिंती

बिल्डरने दिलेली मोतिया, पिस्ता, पीच भिंत तशीच ठेवून काम करू नका. पांढरीशुभ्रही नको. तिच्यासमोर मधले टोन आहेत त्याहून गडद वाटतात आणि माणूस चित्र उजळत बसतो. ईझलमागची आणि तुमच्या पाठीमागची, निदान एवढ्या दोन भिंती तरी मध्यम-फिक्या राखाडी करा. छत पांढरंच राहू द्या, उजेड तिथूनच पसरतो.

शेड कार्डवरचे 'ग्रे' बहुतेक निळसर किंवा जांभळट निघतात. नखाएवढ्या चौकोनावरून रंग ठरवणाऱ्यांची मला कीव येते. छोटा डबा आणा, दोन बाय दोनच्या प्लायवर दोन हात मारा, वाळल्यावर फोटोग्राफरांचं ग्रे कार्ड (कुठलीही झाक नसलेलं राखाडी कार्ड) शेजारी धरा. कार्ड गडद असतं, तुमचा रंग फिका असणारच. बघायचं ते एवढंच की झाक कुठल्या बाजूला जाते. सकाळी बघा, रात्री दिव्याखाली बघा, मग पेंटरला बोलवा. आणि मॅट म्हणजे मॅट. 'धुता येतं' म्हणून पेंटर शीनवाला, म्हणजे हलकी चमक असलेला, इमल्शन गळ्यात मारेल, ऐकू नका.

बाकी किरकोळ

उजव्या हाताने रंगवत असाल तर खिडकी डावीकडे घ्या, नाहीतर हाताची सावली ब्रशच्या टोकावर पडते.

तैलरंग चकाकत असतील तर ईझल वरून किंचित पुढे झुकवा, बॅटन हलवण्याआधी.

पॅलेट आणि कॅनव्हास एकाच उजेडात हवेत. कॅनव्हासवर स्पॉटलाइट आणि पॅलेट अंधारात, हा प्रकार मला कधीच कळलेला नाही.

चकचकीत टाइल्स असतील तर राखाडी सतरंजी टाका. शहाबादी फरशी असेल तर नशीबवान आहात, हात लावू नका.

लाल टी-शर्ट घालून रंगवू नका. तो कॅनव्हासवर उतरतो.

आणि रात्री काढलेल्या चित्राचा फोटो फोनवर 'करेक्ट' करून मला पाठवू नका. चित्र सकाळी खिडकीशी ठेवा आणि आधी स्वतः बघा.